राहून गेलेलं बसणं

नारबोद शिवेवर जाळून माणसं परत फिरली, तेव्हा शालिकरामनं वाटेतच दोघा-तिघांना पुन्हा बजावलं की नऊच्या आत या, बहीण ज्योत्स्ना बाराच्या बसनं बालाघाटला परत जाणार आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारात रोवलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे उपटायचे, नारबोदीची बाहुली गावाबाहेर ओढत न्यायची, आणि ज्याच्या घरात जे असेल, खोकला, ताप, कटकट, त्याचं नाव घेऊन ते तिनं घेऊन जावं असं ओरडायचं. मग तिला पेटवून हात झटकत घरी यायचं. मोठी सोयीची पद्धत आहे. बाहुलीला काही विचारावं लागत नाही.

शालिकरामनं बहिणीलाही विचारलेलं नव्हतं. त्याची तशी सवयच नव्हती. छत्तीस वर्षं शाळेत हेडमास्तरकी केली, घरातही हजेरी घ्यायची आणि पुढे चालायचं. आठ दिवसांपूर्वी परसवाड्याच्या बाजारात कोणीतरी आपल्या सुनेचं रडगाणं सांगितलं, आणि हा पटकन बोलून गेला की पोळ्याला आमची ज्योत्स्ना येते आहे, घेऊन या सुनेला, मन मोकळं करून देईल, फुकट. मग एकाचे अकरा झाले. अकरा नावं त्यानं वहीत सुरेख अक्षरात लिहून काढली. घरापुढच्या सपरीत त्यानं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या, कारण बहिणीच्या समुपदेशनाच्या दवाखान्यात त्या तशा असतात हे त्यानं एकदा पाहिलं होतं. आडोसा पाहिजे म्हणून अनुसयाचं जुनं लुगडं दोरीवर टाकलं. त्या लुगड्याच्या पलीकडे दोन हातांवर बाकडं होतं आणि त्यावर बाकीचे दहा बसणार होते, हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला नुसता आनंद होता. या घराचं नाव कोणी आदरानं घेत असेल तर ते ज्योत्स्नामुळे, आणि गावानं हे एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

ज्योत्स्ना आदल्या संध्याकाळीच आली होती. आल्याबरोबर सांगून टाकायचं असं तिनं बसमध्ये ठरवलं होतं. पण वहिनींनी वडे तळता तळता गुडघे आणि दादाचा हेकटपणा दोन्ही सांगितलं, दादानं आपली उडालेली झोप सांगितली, भाची श्रुतिका जबलपूरहून आली होती तिनं हॉस्टेलमधल्या मैत्रिणीचं सांगितलं. श्रुतिका आत्याकडे बघूनच मानसशास्त्र शिकायला गेली होती. ज्योत्स्नानं सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकल्यासारखं केलं आणि ती झोपायला गेली.

सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती सपरीत आली आणि त्या दोन खुर्च्या पाहून उभीच राहिली.

"दादा, मी आज कोणाले नाही भेटणार," ती म्हणाली. "मी दवाखाना बंद केला. पंधरा दिवस झाले."

शालिकरामनं वहीतून मान वर केली. "बंद म्हणजे? सुट्टी घेतली?"

"माहीत नाही."

त्यानं शांतपणे विचारलं, अकरा माणसं घरून निघाली असतील, त्यांना काय सांगायचं. ती म्हणाली, सांगा की तिची तब्येत बरी नाही. काय झालं तुले, असं त्यानं विचारल्यावर मात्र तिला लगेच बोलता आलं नाही. समोरच्याला बोलतं करायचं हीच तिची एकोणीस वर्षांची रोजीरोटी होती.

"माणूस समोर बसून बोलते," ती शेवटी म्हणाली. "त्याचं तोंड हालते, मले दिसते. पण माह्यापर्यंत काही पोहोचत नाही, दादा. मी मान हालवत राह्यते."

शालिकरामला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्याकडे वाईट वाटण्याचा एकच उपाय होता. त्यानं सांगितलं की हा थकवा आहे, थकवा त्यालाही यायचा, साठ-साठ पोरांचा वर्ग असायचा, तरी घंटा झाली की उठून उभं राहायचंच. माणूस कामानंच बरा होतो. श्रुतिका मध्ये पडून "बाबा, ये वो वाली थकान नहीं है," असं म्हणाली, तर त्यानं तिला आत पाठवलं.

तेवढ्यात मलाजखंडहून हेमराजची जीप आली आणि सगळ्यांना हायसं वाटलं. धाकटा हेमराज खाणीत डंपर चालवतो, मोठ्यानं बोलतो आणि मोठ्या भावाचं बोलणं खोडून काढायला त्याला निमित्त लागत नाही. सगळं कळल्यावर तो सरळ बहिणीच्या बाजूनं उभा राहिला. सणासुदीला माणसाला दोन घास सुखानं खाऊ द्यावेत, ताई काय सरकारी शिबिर आहे का, असं त्यानं शालिकरामला ऐकवलं. वही मिटवून कोनाड्यात टाकली. ज्योत्स्नाला पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

"फक्त एक जण पाहून घे, ताई," हेमराज आवाज उतरवून म्हणाला. "मीच घेऊन आलो तिले. जीपमधी बसून आहे. आपल्या दुलीचंदची बायको, सत्यभामा."

ज्योत्स्नानं कप खाली ठेवला.

दुलीचंद म्हणजे हेमराजचा बैहरच्या वसतिगृहातला जोडीदार, पुढे जंगलखात्यात नाकेदार झाला. आषाढात त्यानं स्वतःचा जीव घेतला. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर बोलणं एव्हाना संपतही आलं होतं. हेमराजचं मात्र संपलं नव्हतं.

"मी त्याले दहा वेळा म्हणलो, माह्या बहिणीकडे जा. बालाघाट काय दूर आहे? हासून टाळे लेकाचा," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत. "एकडाव बी तुह्याकडे गेला असता ना, ताई, तर आज जिता असता."

हे तो प्रेमानं बोलला. त्याहून वाईट त्याला काही बोलता आलं नसतं.

दुलीचंद तिच्याकडे सात महिने येत होता. दर गुरुवारी, चार वाजता. पहिल्याच दिवशी त्यानं दोन्ही हात जोडून एक मागितलं होतं, हेमराजला कळू देऊ नका. तिनं शब्द दिला. तिच्या कामात तो शब्द माणूस गेल्यावरही सुटत नाही. शेवटच्या गुरुवारी तो दिवसातला सातवा पेशंट होता. पहिली चाळीस मिनिटं तिला नीट आठवतात. नंतरची दहा नाहीत. तो खिडकीकडे बघत काहीतरी सावकाश सांगत होता आणि ती समोर बसून होती, डोळे उघडे, मान हलते आहे, आणि आत कोणीच नाही. उठताना त्यानं विचारलं होतं, "आलं ना मॅडम ध्यानात?" ती हो म्हणाली होती. सोमवारी हेमराजचाच फोन आला. तो ठेवून तिनं त्या दिवशी आणखी चौघांना तपासलं. चौघंही बरं वाटून गेले.

तिला त्याच्या घरी जायचं होतं. मयताच्या घरी बसायला जायचं हा इकडचा साधा रिवाज आहे. जाऊन खाली सतरंजीवर बसायचं, फार बोलायचं नाही, घटकाभरानं उठायचं, आणि उठताना 'येतो' म्हणायचं नाही. मुकाट्यानं चालू लागायचं. वैऱ्याच्या घरीसुद्धा लोक एवढं करतात. पण बालाघाटची ती बाई दुलीचंदकडे का आली, असं कोणीतरी विचारलंच असतं, आणि बैहरसारख्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर सगळं झालं असतं. ती एकदा गेलीही, बैहरच्या स्टँडवर उतरली, उलट्या बसमध्ये बसून परत आली. नागपूरच्या प्रमोदिनीताई, ज्यांच्या हाताखाली ती शिकली, त्यांनी फोनवर सांगितलं होतं की आधी काम थांबव आणि माझ्यासमोर येऊन बस. ती गेली होती. तासभर आपल्या बाकीच्या पेशंटांविषयी बोलून परतली होती. बालाघाटात तर जायचं कोणाकडे, हा प्रश्नच होता. आख्ख्या शहराला मन हलकं करायला तिचंच दार माहीत होतं.

"तिले मी नाही भेटू शकत, हेमराज," ती म्हणाली.

"काहून?"

"सांगता नाही येत."

हेमराजला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं पुन्हा समजावून सांगितलं. सत्यभामा घरात कोणाशी बोलत नाही, धड जेवत नाही, दोन पोरी तिच्या तोंडाकडे बघत बसतात. काल तिनंच निरोप पाठवला की तुमच्या बहिणीकडे घेऊन चला. महिन्याभरात तिनं तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट. ज्योत्स्ना मान खाली घालून नाहीच म्हणत राहिली.

"अकरा जणांले नाही म्हणली, तर मी तुह्याकडून बोललो," हेमराज म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा होता. "ते अकरा परके होते. हे माह्या दोस्ताची बायको आहे. तिच्यासाठी तुह्याजवळ अर्धा घंटा नाही?"

आणि मग जे या घरात वडील गेल्यापासून झालं नव्हतं ते झालं. दोघा भावांचं एकमत झालं. शालिकरामनं कोनाड्यातून वही परत काढली. तो म्हणाला की माणसाला शिक्षणाचा माज येऊ नये. हेमराज म्हणाला की पेशंट येतात तेव्हा गोड बोलायचं आणि घरच्यांच्या वेळी तोंड फिरवायचं, हे बरं आहे. ज्योत्स्ना दोघांच्या मध्ये त्या खुर्चीवर बसून ऐकत होती, आणि या वेळी सगळं नीट ऐकू येत होतं.

अनुसया चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू जात होतं, कारण या घरात भिंती आहेत त्या नावापुरत्या. ती बाई फार बोलणाऱ्यांतली नाही. तिचं सगळं बोलणं आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, फोनवर नणंदेपाशी होतं. सासू असतानाचं, नवऱ्याचं, दोन वेळा पोटातच गेलेल्या लेकरांचं, जे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. तेरा वर्षं. वडे उलटताना तिच्या मनात आलं की या तेरा वर्षांत आपण एकदाही उलटून विचारलं नाही, बाई, तुमचं काय चाललंय. विचारायचं असतं हेच सुचलं नाही.

मग तिला दुसरंच आठवलं. आषाढात अनुसया बैहरला दुलीचंदच्या घरी बसायला गेली होती. त्या रविवारी फोन तिनं केला नव्हता, ज्योत्स्नानं केला होता. वहिनी, तिथं कोण कोण आलतं? सत्यभामा काही बोलली का? पोरी काय करत होत्या? मोठीच्या पायात चप्पल होती का? असलं काहीतरी ती पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि अनुसयाला तेव्हा नवल वाटलं होतं की भावाच्या दोस्तासाठी एवढं. एक गोष्ट मात्र तिनं विचारली नव्हती, जी गावात प्रत्येकानं पहिल्यांदा विचारली. काय झालतं त्याले?

अनुसयानं कढई खाली उतरवली, हात पुसले आणि ती बाहेर आली.

"ते वही इकडे द्या," तिनं नवऱ्याला म्हटलं.

शालिकरामनं दिली नाही, पण तिनं घेतली तेव्हा त्यानं धरूनही ठेवली नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि त्याच्या हातातून तिनं काही काढून घेण्याची ही पहिलीच वेळ होती.

"बाईचं बरं नाही म्हणून सांगते मी लोकाइले. वडे देते हातावर अन् वापस पाठवते. श्रुतिका, चाल माह्यासंग."

"अन् सत्यभामा?" हेमराजनं विचारलं.

अनुसयानं नणंदेकडे पाहिलं. ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून तिला जे समजायचं होतं ते समजलं, आणि समजलं ते तिनं कोणालाही सांगितलं नाही. "ते पाहुणी आहे," ती म्हणाली. "पाहुण्याले जीपमधी बसवून ठेवत नाही."

पण सत्यभामा तोवर स्वतःच उतरून आली होती. अडतीस-चाळीसची असेल, कपाळ मोकळं, हातात एक मळकी कापडी पिशवी. तिनं सपरीतल्या खुर्च्या पाहिल्या, त्यांतली एक पायानं जरा बाजूला सारली आणि भिंतीला टेकून खाली बसली. दोघे भाऊ ओशाळून लुगड्याच्या पलीकडे गेले. शालिकराम फाटकाकडे निघून गेला, कारण पहिली माणसं येताना दिसत होती. हेमराज बाकड्यावर बसला. ऐकायचं असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. उठून जायला पाय निघाला नाही.

 पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई खाली बसली असावी.

"तुम्ही आल्या नाही," सत्यभामा म्हणाली.

तीच पुढे बोलत राहिली.

"सारे आलते. साहेब लोक आले, नाक्यावरचा चायवाला आला. ज्याच्यासंग याहिचं भांडण होतं ना सागाच्या लाकडावरून, तो बी येऊन बसला. मी तेरा दिवस दरवाज्याकडे पाहत होती. म्हणलं, मॅडम येतीन."

"तुम्हाले माहीत होतं?"

"गुरुवारचा डबा कोण भरून देत होतं?" सत्यभामा म्हणाली. "मलेच सांगून जात होते. म्हणत, हेमराजले नको सांगू, तो हासन."

हेमराजनं बाकड्याची कड घट्ट धरली. तो हसला नसता. किंवा हसला असता कदाचित, दोस्तीत, पाठीत एक थाप घालून. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

ज्योत्स्ना सांगत होती की ती आली असती तर लोकांना कळलं असतं, तिनं शब्द दिला होता. तिचं बोलणं मध्येच थांबलं. सत्यभामानं ते ऐकून घेतलं. पिशवीतून तिनं काहीतरी काढल्यासारखा आवाज झाला. नंतर कळलं, तो स्टीलचा दोन पुडाचा डबा होता. शेवटच्या गुरुवारी तो दवाखान्यात विसरला होता आणि ज्योत्स्नानं तो स्वतःचं नाव न सांगता बैहरच्या बसवाल्याकडे दिला होता. सत्यभामानं तो ओळखला होता, आणि पाठवणारीलाही.

"मले फक्त एकच पाहिजे, मॅडम. घरी ते बोलतच नव्हते. शेवटले दोन महिने, हौ अन् नाही, बस. जे बोलले ते तुमच्याजवळ बोलले." डबा जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. "त्या गुरुवारी शेवटी काय म्हणले ते?"

ज्योत्स्नाकडे उत्तर होतं. ते पुस्तकात लिहिलेलं असतं, श्रुतिकालाही पहिल्या वर्षाला शिकवलं असेल. पेशंटचं बोलणं पेशंटचं असतं, ते सांगता येत नाही. शंभर टक्के बरोबर उत्तर. तेवढं म्हणून तिला सुटता आलं असतं आणि सत्यभामा आयुष्यभर समजून राहिली असती की नवऱ्याचं शेवटचं बोलणं कुठेतरी सांभाळून ठेवलेलं आहे, फक्त आपल्याला मिळत नाही.

"मले माहीत नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "ते बोलले. बरंच बोलले, खिडकीकडे पाहून. मी समोर बसली होती, पण मी ऐकलं नाही. मी थकली होती. कित्येक महिन्यांपासून थकली होती, अन् कोणाले सांगितलं नाही, काम करत राह्यली. उठताना त्याहिनं विचारलं, आलं ना मॅडम ध्यानात. मी हौ म्हणलं."

फाटकाकडून अनुसयाचा आवाज येत होता, बाईले बरं नाही, हे घ्या, पोराइले न्या. कोणीतरी कुरकुरत होतं. हेमराजला वाटलं सत्यभामा आता ओरडेल, शिव्या देईल, आणि तिनं द्याव्यात असंही त्याला वाटलं. ताईच्या ऐवजी आपण तिथं असतो तर बरं, असंही वाटलं.

"म्हणजे ते आता कोणाजवळच नाही," सत्यभामा म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. हरवलेल्या वस्तूची शेवटची जागाही शोधून झाल्यावर माणूस बोलतो तसं ती बोलली. त्यानंतर ज्योत्स्नाचं रडणं ऐकू आलं. हेमराजनं तिला आई गेली तेव्हाही असं रडताना ऐकलं नव्हतं. सत्यभामानं तिला उगी केलं नाही. ती रडलीही नाही आणि उठलीही नाही.

हेमराज उठला. त्यानं ते लुगडं दोरीवर एका बाजूला सारलं, आत गेला आणि दोघींपासून जरा अंतरावर खाली बसला. त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं अनुसया आली, श्रुतिका आली, दोघी भिंतीशी बसल्या. सगळ्यात शेवटी शालिकराम आला. रिकाम्या बाकड्याकडे, बाजूला ढकललेल्या खुर्च्यांकडे बघत तो पायरीवरच घुटमळला. काय झालं हे त्याला कोणी सांगितलं नाही. पण त्याच्या वयाच्या माणसाला अशी बसलेली माणसं ओळखता येतात. त्यानं चपला बाहेर काढल्या आणि तोही खाली बसला.

 बाराची बस रस्त्यानं हॉर्न देत गेली, तिच्याकडे कोणी मान वळवली नाही.

मग सत्यभामा उठली. पदर डोक्यावरून सारखा केला. स्टीलचा डबा तिनं पिशवीत परत घातला नाही, ज्योत्स्नाच्या समोर जमिनीवर तसाच राहू दिला. अनुसया सवयीनं कुंकू आणायला उठू लागली आणि मध्येच थांबली. हेमराज जीपची चावी काढून पुढे झाला.

सत्यभामानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि ती 'येतो' न म्हणता पायऱ्या उतरून गेली.